गूळ किती?

घरातली एखादी वस्तू कुरकुर करू लागली की तिच्याकडे शांतपणे दुर्लक्ष करायचे, ही आमच्या घराण्याची जुनी परंपरा आहे. माझ्या आजोबांनी म्हणे गळक्या कौलाखाली एक घंगाळ ठेवले आणि पुढची अकरा वर्षे कौल न बदलता ते नुसते घंगाळच सरकवीत राहिले. मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली, दुसऱ्यांच्या हिशेबातली चार आण्यांची चूकदेखील हुडकून काढली. पण घरच्या बाबतीत मी याच कुळातला! तेव्हा २०२४ च्या जानेवारीत एका रात्री साडेअकराला आमच्या कपाटावरची पेटी ‘पीं पीं’ करून ओरडू लागली, त्या वेळी मी काय केले असेल हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल.

पण आधी या पेटीची ओळख करून द्यायला हवी. २०१६ साली मी निवृत्त झालो, तेव्हा टोरांटोहून आलेल्या चिरंजीवांनी ती मला भेट दिली. आकाराने मोठ्या लाडवाच्या डब्याएवढी. पोटात चार हार्डडिस्का. घरातले संगणक, फोन सगळे तिला जोडलेले. ज्याला जे ठेवायचे ते त्याने तिच्यात ठेवावे. तिला ‘नॅस’ म्हणतात. आमच्या सौ.ने पहिल्याच दिवशी तिचे नाव ‘नसती पेटी’ असे ठेवले.

माझा जन्म १९५६ चा. त्याच साली आयबीएम कंपनीने फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनभर, आणि त्यात मावत होती एकूण पन्नास लाख अक्षरे. आमच्या पेटीतली एकेक डिस्क तळहातावर मावणारी, पण तिच्यात त्या यंत्राच्या आठ लाख पट मजकूर बसतो. माझे म्हणाल तर मी जन्मापासून आजवर फक्त जाड झालो.

चार डिस्का कशाला, असे मी चिरंजीवांना विचारले. तो म्हणाला, “बाबा, यात रेड आहे.” आयुष्य बँकेत गेल्यामुळे रेड म्हटले की मला इन्कम टॅक्सवाले आठवतात. पण ही रेड निराळी. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून असे सुचविले, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त डिस्कांचा जथा करावा, आणि त्यातली एक मेली तरी मजकूर मरू नये अशी योजना करावी. रेड या नावात ‘स्वस्त’ असा शब्द होता. पुढे धंदेवाल्यांनी त्या जागी ‘स्वतंत्र’ असा शब्द बसवला. स्वस्त म्हणून माल विकला तर किंमत कशी वाढवायची?

योजना मला लगेच समजली, कारण ती कारकुनी होती. तीन कारकुनांनी आपापल्या वहीत एकेक आकडा लिहायचा आणि चौथ्याने तिघांची बेरीज मांडून ठेवायची. उद्या एकाची वही जळाली, तर बेरजेतून बाकीचे दोन आकडे वजा केले की त्याचा आकडा मिळालाच. पेटीत बेरजेचे काम चारही डिस्का पाळीपाळीने करतात, एवढाच फरक. मात्र दोन वह्या जळाल्या, तर बेरीज जवळ असूनही उपयोग नाही. दोन अज्ञात आणि एक समीकरण, हे गणित आम्हाला शाळेतही सुटत नव्हते.

एकाला तीन राखणदार! माझा पेटीवर असा काही विश्वास बसला की विचारू नका. लग्नातले फोटो, घराची कागदपत्रे, सगळे मी तिच्यात भरले. आणि भरल्या आईच्या कॅसेटी.

या सहा कॅसेटी मुळात माझ्या नव्हत्या. त्या ताईच्या. १९८४ साली आई साताऱ्याला ताईकडे राहिली होती, तेव्हा ताईने टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिला बोलते केले होते. ओव्या, आमच्या गावच्या गोष्टी, कोणत्या सणाला काय करायचे ते. १९९१ साली आई गेली. तिचा आवाज जगात आणखी कोठेही नव्हता. २०१७ साली मी त्या कॅसेटी ताईकडून मागून आणल्या, कारण साताऱ्याच्या पावसाने फितींना बुरशी धरू लागली होती. ताईने त्या नाखुशीने दिल्या. “जपून हं,” एवढेच म्हणाली. मी त्यातले सगळे संगणकात उतरवून घेतले, पेटीत ठेवले, आणि २०१९ मध्ये घराला रंग काढताना त्या बुरसटलेल्या कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आता आवाज पेटीत सुरक्षित होता ना! ताईला हे सांगायचे राहून गेले. राहून गेले म्हणजे, सांगितले नाही.

तर जानेवारीतल्या त्या रात्री पेटी ओरडू लागली. सौ. म्हणाली, “अहो, ते बंद करा, नाहीतर मी माहेरी जाते.” मी चष्मा लावून पेटीच्या कारभारात शिरलो. एक डिस्क निकामी झाल्याचे लिहिले होते. त्याच पानावर आवाज बंद करण्याचेही बटण होते. मी ते दाबले. घर शांत झाले. नारिंगी दिवा लुकलुकत होता, त्यावर सौ.ने विणलेला रुमाल टाकला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर सगळे फोटो जागच्या जागी! रेडची खरी मेख हीच आहे. एक डिस्क मेल्यावरही पेटी अगदी पूर्वीसारखीच वागते, आणि मालकाला वाटते, काही बिघडलेले नाही.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. ताई राखी बांधायला आली. जेवणे झाल्यावर म्हणाली, “आईचा आवाज लाव रे. ते अनारशांचं. सुनेला दिवाळीला शिकवायचंय.” मी लावायला गेलो, तर पेटीत काही नाही. फोटो नाहीत, कागद नाहीत, आई नाही. दुसरी डिस्क गेली होती. मी पेटी तीनदा बंद करून चालू केली. मग बाहेर येऊन अडुसष्टाव्या वर्षी थोरल्या बहिणीशी धडधडीत खोटे बोललो: “ताई, आज इंटरनेट बंद आहे.”

त्या रात्री मी एकटाच पेटीपुढे बसलो. पडद्यावर दुरुस्तीचे एक बटण होते आणि सगळे नव्याने मांडण्याचे दुसरे. बटण दाबायला बोट पुढे गेले, आणि कसे कोण जाणे, थबकले. मी भाचीला फोन लावला. ही ताईचीच मुलगी. पुण्याला संगणकाच्याच कामात असते. ती म्हणाली, “मामा, कशालाही हात लावू नका. पेटी नीट बंद करा आणि मग वायर काढा. पुसलं जातं ते बिघाडानं कमी आणि घाईच्या दुरुस्तीनं जास्त.”

शनिवारी ती आली. तिने पहिला प्रश्न विचारला, “पहिली डिस्क कधी गेली?” मी म्हणालो, “जानेवारीत.” “मग पेटी ओरडली नाही?” मी पंख्याकडे पाहू लागलो. पण पेटीने रोजनामा लिहून ठेवला होता. आवाज कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी बंद केला, त्याची नोंद होती. बँकेत असल्याच नोंदींवरून मी लोकांना पकडीत असे!

ती रागावली नाही. तिने नीट समजावले. चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या; वय एक, उन्हाळे एक; मग एकीपाठोपाठ दुसरी जायला कितीसा वेळ? जानेवारीतच नवी डिस्क बसवली असती तर पेटीने बेरजेवरून ती भरून काढली असती. आणि मुख्य म्हणजे रेड हा बॅकअपच नव्हे. चुकून एखादा फोटो पुसला तर तो चारही ठिकाणांहून त्याच क्षणी जातो. चोर आला तर तो पेटीच उचलून नेतो, राखणदारांसकट.

तिने डिस्कांवर एक ते चार असे आकडे चिकटवले, कारण त्यांचा क्रम चुकला तर सगळाच घोटाळा. मग त्या पुण्याला नेल्या आणि माझ्या खर्चाने तीन नव्या डिस्का आणल्या. मूळ डिस्कांवर प्रयोग करायचा नाही. आधी नक्कल आणि मग नकलेवर काय ती खटपट, हा तिचा नियम. जानेवारीत मेलेली डिस्क तिने बाजूलाच ठेवली. तिच्यातला हिशेब जानेवारीपर्यंतचाच, तो मध्ये मिसळला तर उरलेला बिघडायचा. धडधाकट दोघींची नक्कल एकेका दिवसात झाली. प्रश्न होता ऑगस्टमध्ये पडलेल्या डिस्केचा.

त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो मला फार आवडला, कारण तो समजूतदार माणसासारखा वागतो. आधी जे सहज वाचता येईल ते उचलून घेतो. जिथे अडते तिथे हटून बसत नाही, त्या जागेची नोंद करून पुढे जातो. सगळे फिरून झाल्यावर परत येतो आणि अडलेल्या जागांचे लहान लहान घास घेतो. मध्ये वीज गेली तरी नोंदवही असल्याने काम जिथल्या तिथून पुढे सुरू. आजारी डिस्क सहा दिवस चालली. भाचीने तिच्यासमोर टेबलपंखा लावून ठेवला होता. इस्पितळातून यावा तसा रोज संध्याकाळी फोन येई. “आज थोडं पुढे सरकलं, मामा.” त्या सहा दिवसांत मला नीट झोप आली नाही. कॅसेटी नेणारा तो भंगारवाला आणि त्याचा तराजू डोळ्यांसमोर येई.

शेवटी तीन नकला जोडून, त्यांच्यावर काहीही न लिहिता नुसत्या वाचायच्या, अशा बेताने तिने आपल्या संगणकावर जथा उभा केला. त्या रात्री फोन आला. “मामा, आजी बोलतेय.” आई गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती. तिने फोन स्पीकरजवळ धरला. खरखर झाली, आणि मग आईचा आवाज आला, टेपरेकॉर्डरकडे संशयाने पाहत विचारलेला:

“हे चालू आहे का गं?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. सौ.ने माझ्या हातातून फोन घेतला.

जवळजवळ सगळे मिळाले. काही फोटो निम्मे राखाडी झाले. गोव्याच्या सहलीत समुद्र पूर्ण आहे, मी गळ्यापर्यंतच आहे. सौ. म्हणते, फोटो सुधारला. आईच्या सहा कॅसेटींपैकी पाच जशाच्या तशा आल्या. सहाव्यात मात्र चारेक सेकंदांची एक पोकळी राहिली.

३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. ताई आली. मी अनारशांचे लावले. आई सांगत होती: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, कापडावर कोरडे करून कुटायचे, पीठ बारीक चाळायचे. “मग त्यात गूळ...” आणि सगळे शांत. चार सेकंदांनी आई पुन्हा बोलू लागली ती एकदम गोळे डब्यात दडपून ठेवण्यावर.

“बंद पडलं का रे?” ताईने विचारले.

मग मी सगळे सांगितले. बझर, रुमाल, इंटरनेट, आणि शेवटी भंगारवाला. ताई रागावेल अशी माझी तयारी होती. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि एवढेच म्हणाली, “मला एकदा विचारायचं होतंस.”

त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग ओवाळणीचे तबक घ्यायला उठता उठता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पिठाच्या वजनाइतका गूळ. आई मूठभर कमी घ्यायची.”

चार सेकंदांचा तो मजकूर कोणत्याच डिस्केत राहिला नव्हता. तो ताईच्या हातात होता.

त्या वर्षी ओवाळणीच्या तबकात मी पाकिटाबरोबर एक छोटी हार्डडिस्क ठेवली. आता अशा दोन आहेत. एक साताऱ्याला असते, एक माझ्याकडे. राखीला आणि भाऊबीजेला त्यांची अदलाबदल होते, आणि जाणाऱ्या डिस्केत नवे सगळे भरलेले असते. तिसरी प्रत टोरांटोला आहे. पेटीही आहे, नव्या डिस्का घालून. तिचा आवाज चालू आहे आणि सौ.ने रुमाल पेटीवरून काढून टेलिफोनच्या टेबलावर टाकला आहे.

ताईचा मात्र माझ्यावर पूर्वीसारखा विश्वास नाही, आणि तिचे बरोबरच आहे. पिशवीत डिस्क टाकण्यापूर्वी ती दर खेपेला म्हणते, “आधी लावून दाखव.” मी लावतो. खरखर होते, आणि आई विचारते, “हे चालू आहे का गं?”

“चालू आहे,” असे ताई म्हणते, आणि मगच पिशवीचा बंद बांधते.