परळचे एकवीस दिवस

व्यापारी माणूस मुंबईला जातो तो मशीद बंदर, काळबादेवी किंवा वाशी या नावांसाठी. परळला तो आपणहून जात नाही. त्याला जावे लागते. सात बेटांपैकी एका बेटाचे हे नाव, पुढे गव्हर्नरांच्या निवासाचे, त्याहीपुढे गिरण्यांच्या भोंग्यांचे; आणि आज निम्म्या हिंदुस्थानाच्या घराघरांत ते दबक्या आवाजात उच्चारले जाते. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या परिसरात केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये जवळजवळ एकमेकांच्या सावलीत उभी आहेत. गव्हर्नरांच्या जुन्या प्रासादात हाफकिन संस्था आहे. पदपथावर बंगाली, भोजपुरी, उडिया आणि मराठी एकाच चहाच्या टपरीपाशी ऐकू येते. प्रत्येकाच्या काखेत एक फाईल असते. तिच्या जाडीवरून माणूस येथे किती दिवस आहे, ते कळते.

टाटा रुग्णालयाच्या इतिहासात एका पतीचे दुःख आहे, हे तेथे रांगेत उभ्या राहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापिला आणि काही आठवड्यांतच तेही गेले. त्यांच्या न्यासाने उभारलेले हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी 80 खाटांनिशी उघडले. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याचे मन येथे पायाच्या दगडापासून आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

गेल्या हिवाळ्यात लासलगावचे एक कांदाव्यापारी आपल्या पत्नीसह पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरले. पर्युषणात तिने अठाई केली होती. पारण्यानंतर काही दिवसांनी स्नान करताना डाव्या स्तनातली गाठ हाताला लागली. नाशिकला तपासण्या झाल्या, दिवाळी कशीबशी पार पडली आणि मग परळ. दर एकवीस दिवसांनी एक, अशा आठ केमोथेरपी, नंतर शस्त्रक्रिया, त्यानंतर किरणोपचार असा मार्ग डॉक्टरांनी आखून दिला. लिलावाचे काम मुलाकडे सोपवून दोघांनी दादरच्या एका धर्मशाळेत स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली.

आयुष्यभर वर्षाचे हिशेब दिवाळीला मिटवणारा हा माणूस आता एकवीस दिवसांचे वर्ष जगू लागला. या वर्षाला तीन ऋतू असतात, हे त्याच्या दुसऱ्या फेरीतच ध्यानात आले.

पहिला आठवडा मळमळीचा. वासाचे तर वैरच. फोडणी नको, उदबत्ती नको, साबण नको. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात डंखावर मिरची कुटली जाऊ लागली की त्या रस्त्याने टॅक्सीदेखील नेता येत नाही. काच चढवूनही उपयोग होत नाही. तोंडाला सतत लोखंड चघळल्यासारखी चव. मळमळीवर आले चघळण्याचा सल्ला सगळेच देतात. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात त्याची जागा सुंठीने घेतली. पाणी उकळून प्यावे, कच्चे काही खाऊ नये, या सूचना परिचारिकेने दोनदा समजावून सांगितल्या, तेव्हा ती बाई त्या आजारपणातही हसली. तिच्या माहेरी चार पिढ्या पाणी उकळूनच पीत आल्या होत्या. उपवास मात्र डॉक्टरांनी बंद केले. नवकारसी तेवढी राहिली. सूर्योदयानंतर 48 मिनिटे. ती पाळता येते याचा तिला केवढा आधार वाटे, हे बाहेरच्याला कळणे अवघड आहे.

नवऱ्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी मूगडाळीचे पाणी आणि मऊ भात करणे शिकून घेतले. दुपारी तो तिला वाचून दाखवी. आरोग्याचे लेख तिला नको असत आणि धर्मग्रंथ ऐकताना झोप येई. तिला आवडत समाजाच्या मासिकांतल्या वधूवरांच्या जाहिराती. कोणत्या गावची मुलगी, वडिलांचे दुकान कशाचे, मुलगा पुण्यात की परदेशात; डोळे मिटून ऐकता ऐकता ती मध्येच म्हणे, “थांबा. मागची ती येवल्याची, आणि हा संगमनेरचा. बघा, जमतंय.” त्या खोलीत निदान तीस लग्ने जुळली असतील. वरपक्षाला किंवा वधूपक्षाला त्याची खबर नाही, इतकेच.

दुसरा आठवडा सर्वांत विचित्र. मळमळ ओसरते, रोगी बरा दिसू लागतो. आणि नेमक्या त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. गर्दी नको, भेटायला येणारे नकोत, ताजी फुलेसुद्धा खोलीत नकोत. अंगात 100.4 अंश ताप आला तर घड्याळ न बघता रुग्णालय गाठायचे. अशा दिवसांत सोबतीच्या माणसाला काम थोडे असते आणि भीती फार. याच आठवड्यात त्याला पहाटेचा दादरचा फुलबाजार सापडला.

स्थानकाच्या पश्चिमेला, केशवसुत पुलाखाली, भल्या पहाटे हा बाजार भरू लागतो. औषधाची चिठ्ठी घेऊन चोवीस तास उघड्या दुकानाकडे निघालेला हा माणूस वाटेत थांबला तो तासभर. फुलांचे त्याला काही विशेष नव्हते; त्याला थांबवले ते भावाने. झेंडू-शेवंती किलोवर, गुलाब आणि लिली जुडीवर, वेण्या-गजरे नगावर. चार वाजता बोललेला भाव सात वाजता राहत नाही, कारण मालाचे आयुष्यच तेवढे. कांदा चाळीत महिनोन् महिने भरून ठेवता येतो. (लासलगावात चाळ म्हणजे कांद्याची, परळात माणसांची. या गोष्टीवर दोघे पुढे आठवडाभर हसत होती.) मोगऱ्याला मात्र दुपार दिसत नाही. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत कचरा होणार आहे, तो व्यापारी इतका शांत बसतो कसा, याचे त्याला नवल वाटले.

खोलीवर परतल्यावर फुले नेता येत नव्हती म्हणून त्याने भाव नेले. झेंडू काय गेला, निशिगंध का चढला, लग्नाची तिथी जवळ आल्याने गुलाबाचे काय झाले. ती उठून बसली. बत्तीस वर्षे रोज दुपारच्या जेवणाला तिने कांद्याचा भाव ऐकला होता. घरात कोणी कांदा खात नसूनही तिच्याइतका भावाचा अंदाज बाजार समितीच्या आवारात थोड्यांनाच असेल. “उद्या शेवंती उतरेल,” ती म्हणाली. “आज सगळ्यांनीच आणली असणार.” दुसऱ्या दिवशी शेवंती उतरली. तेव्हापासून तो पहाटे जाई आणि तिचे अंदाज पडताळून येई.

त्याच दिवसांत एक मावससासूबाई दाराशी उभ्या राहून चौकशी करून गेल्या. जाताना जिन्यात त्यांनी कोणालातरी ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, की बायको अंथरुणात आणि हा सकाळी फुलबाजार फिरतो. शब्द लागले. खरे तर तेच शब्द तो स्वतःला आधीपासून ऐकवीत होता. हिंदमातापाशी एकदा तहानेने उसाचा रस घेतला, तेव्हा अर्धा पेला तसाच ठेवून तो चोरासारखा निघाला होता. रोग्याच्या माणसाने सुकावे, जागावे, खंगावे, त्याच्या चेहऱ्यावरून दुःख वाचता यावे, अशी आपल्याकडे एक अलिखित अपेक्षा असते. शास्त्राने मात्र वैयावृत्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, सहा आभ्यंतर तपांत घातले आहे. देह झिजवणाऱ्या बाह्य तपांच्या यादीत ते नाही. हा भेद मावससासूबाईंना ठाऊक नसेल असे नाही. पण आजाऱ्याच्या घरी पाऊल टाकताना माणसे पाठ केलेलेही विसरतात.

तो दोन दिवस पहाटे बाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले. त्याने जिन्यातले बोलणे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुम्ही इथे बसता तेव्हा माझ्याकडे बघत बसता. मला मग माझा आजारच दिसतो. बाहेर जाऊन आलात की काहीतरी घेऊन येता. जा तुम्ही.”

चौथ्या फेरीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तो ताप आलाच. रात्रीचे दोन, काळीपिवळी टॅक्सी, नि:शब्द परळ. पाच दिवस प्रतिजैविके शिरेतून द्यावी लागली. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात त्याने कितीतरी सामायिके केली. त्या 48 मिनिटांना निदान शेवट होता. त्या पाच दिवसांत कोणताही बाजार, कोणताही भाव कामाला आला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. लहानसहान आनंद भीतीला हटवत नाहीत. भीती जरा सरली की ते पुन्हा आपल्या जागी सापडतात, एवढेच.

तिसरा आठवडा सुटीचा. पेशी वर येतात, जीभ परतते, पुढची सुई अजून चार-सहा दिवस दूर असते. केस गेल्यावर तिला डोक्याला बांधायला मऊ सुती वस्त्र हवे होते. ते त्याने दादरला एकट्याने घेतले. बायकी कापड तिच्याविना त्याने जन्मात घेतले नव्हते. आणले ते नेमके कांद्याच्या सालीच्या रंगाचे. “गावाची आठवण येत होती का?” तिने विचारले, आणि तेच बांधून ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यापाशी ती सावलीत बसून राहिली. 1872 पासून लोकांसाठी खुली असलेली ती वास्तू आतून पाहण्याइतके पाय चालले नाहीत. बागेतल्या गोरखचिंचेच्या खोडाला मात्र तिने हात लावला. दुसऱ्या एका खेपेला दोघे फाइव्ह गार्डन्सला गेली आणि बाकावर बसून, घरून नेलेले थालीपीठ खाऊन परतली. यापलीकडे काही घडले नाही. पण त्या थालीपीठाला मिठाची चव लागली, ही बातमी त्या रात्री लासलगावला, पुण्याला आणि तिच्या माहेरी अशी तीन ठिकाणी फोनवरून गेली.

शिवडीची माहिती धर्मशाळेच्या पहारेकऱ्याने दिली. परळपासून टॅक्सीने थोड्याच अंतरावर, जेथून आता अटल सेतू समुद्रात शिरतो, त्याच्या बाजूला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे आहेत. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तेथे हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. पण पहिल्या खेपेला दोघांना काहीच दिसले नाही. पूर्ण ओहोटी होती. पाणी दूर गेलेले आणि पक्षी पाण्याच्या कडेला, क्षितिजावर एक फिकट रेघ. जेट्टीवर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने त्यांना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. भरतीच्या दोन-अडीच तास आधी आले, की चढते पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलीत आणते.

तिथी पाहण्याची सवय असलेल्या घराला हा हिशेब म्हणजे घरचेच पान. ती पुढच्या फेरीचे दिवस पंचांगाशी ताडू लागली. फाल्गुन शुद्ध अष्टमी नेमकी तिसऱ्या आठवड्यात येत होती. अष्टमीला हिरवी भाजी नाही, म्हणून डब्यात मुगाचे धिरडे आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन दोघे साडेतीनला शिवडीला पोचली.

पाणी चढत होते. मागे तेलाच्या टाक्या, समोर पुलाचे खांब, काठाला तिवरांची झुडपे. सुंदर म्हणावे असे त्या जागेत काही नाही. आणि त्या राखाडी चिखलात, हाकेच्या अंतरावर, गुलाबी पक्ष्यांचा थवा माना वाकवून चरत होता. हा पक्षी चोच उलटी करून पाण्यातले शेवाळ गाळून खातो. त्याच अन्नाने त्याच्या पिसांना तो रंग चढतो. तिने मोजायला सुरुवात केली, दोनशेपर्यंत गेली आणि मग लिलावातल्या ट्रॅक्टरांसारखे रांगेने अंदाज बांधू लागली. तो अधिक सांगे, ती कमी. जवळच एक जण दुर्बीण घेऊन उभा होता. त्याने आपणहून ती तिच्या हातात दिली. तिने बराच वेळ ती परत केली नाही.

पाचला निघणे भाग होते. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे होते. टॅक्सीत बसताना तिने डोक्यावरचे वस्त्र सारखे केले आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली.

“एकवीस दिवसांनी वद्य चतुर्दशी,” ती म्हणाली. “चौदाची पाऊणपट साडेदहा. अहो, सकाळी आठला यावं लागेल.”