शुक्रवारची सुट्टी, रविवारचे पक्षी

थंडी पडली की आमच्या घरात एक भांडण ठरलेले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारची, आणि पक्षी पाहणाऱ्यांचा गट निघतो रविवारी. रविवारी जायचे तर खाडा आला, खाडा म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडाली. ‘पाखरं बघायला कुणी पगार कापून घेतो का?’ असे चाळीतले लोक विचारतात. त्यांचे चुकते असे आम्हाला आजही वाटत नाही. तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एक रविवार आम्ही काढतोच.

सुरुवात मुलीमुळे झाली. राज्यात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख सलीम अलींची. त्या आठवड्यात शाळेत कुणी पक्ष्यांची चित्रे दाखवली आणि हिने घरी येऊन हट्टच धरला. आम्ही दोघे, दोन मुले आणि गावाकडून कायमची आलेली आमची आई असे पाच जण पहाटेच्या लोकलने बदलापूरला उतरलो.

आमच्याजवळ दुर्बीण नव्हती. बाकीच्यांच्या गळ्यात पट्टे पाहून आम्ही जरा मागेच उभे राहिलो. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते उभे राहणे माहीत असेल. पण गटात उल्हासनगरचा एक दुकानदार, एक निवृत्त कामगार, कॉलेजची मुले असे सगळेच होते. चार दुर्बिणी पंधरा जणांत फिरत होत्या. त्यावर ‘8 बाय 40’ लिहिलेले असते. 8 म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि 40 म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. भिंग मोठे तर उजेड जास्त. आधी नुसत्या डोळ्याने पक्षी धरायचा, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. आम्ही उलटे करत होतो, म्हणून तासभर फक्त फांद्या पाहिल्या. आणखी एक सांगायचे, पांढरे कपडे घालू नका. कार्यक्रमाला जातो तसे आम्ही सगळे पांढरेशुभ्र होऊन गेलो होतो. तो निवृत्त कामगार हसून म्हणाला, “साहेब, तुम्ही आलात ते पक्ष्यांना बदलापूर स्टेशनातच कळलं.”

बारवी धरणाच्या रस्त्याला त्या दिवशी तारेवर भिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या. पाण्याच्या कडेला शेपूट वरखाली करणारा पांढरा धोबी होता, आणि दगडावर थरथऱ्या. त्याचे शेपूट खरेच थंडी वाजल्यासारखे थरथरते. हे दोघे हिमालयातून आणि त्याच्याही उत्तरेकडून येतात, थंडी संपली की परत जातात. मुठीत मावेल एवढा जीव एवढे अंतर उडून येतो हे ऐकल्यावर कर्जत लोकलच्या गर्दीबद्दल तक्रार करायची आमची जरा पंचाईत झाली.

नावे ऐकून मात्र मुलगा गोंधळला. धोबी, शिंपी, सुतार, तांबट, धीवर, कोतवाल, खाटीक. “पप्पा, पाखरांनाही जाती असतात?” खाटीक भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो, शिंपी पाने शिवून घरटे करतो, म्हणून ती नावे, असे गटातल्या मुलाने समजावले. ते खरेच आहे. पण अख्खा गावगाडा झाडावर चढलेला आणि वर घिरट्या घालायला ब्राह्मणी घार! आमच्या वाट्याचे नाव या यादीत नाही. नाही तेच बरे.

दुसऱ्या खेपेला जे घडले त्यासाठी हे लिहायला घेतले. धरणापलीकडे वाळल्या गवतातून चालताना अगदी पायाखालून सात-आठ तपकिरी पाखरे भुर्रकन उडाली आणि पलीकडे गवतात विरली. दुर्बिणी वर जाईपर्यंत काही उरले नव्हते. “काय होतं?” असे सगळे एकमेकांना विचारत असताना आमची आई मागून म्हणाली, “लावऱ्या हायेत.” कॉलेजच्या मुलाने विचारले, “आजी, तुम्ही कसं ओळखलंत?” आई गप्प. पदर सावरून पुढे चालू लागली.

परतीच्या गाडीत बोलली. 1972 चा दुष्काळ. आमचे गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. दुष्काळी कामावर खडी फोडायची, वर सुकडी आणि मिलो. पण मिलो मिळायलाही दिवस लागत. तेव्हा घोड्याच्या केसांचे फासे करून आई आणि तिची सासू लावऱ्या धरत. “खाल्ल्यात आम्ही त्या. ह्या लोकांना काय सांगू?”

आम्ही काही बोललो नाही. मुलगी मात्र वहीत बघून म्हणाली, “आजी, वन्यजीवांचा कायदाही 1972 चाच आहे.” आता लावा धरणे गुन्हा आहे, आणि असावाच. पण कायदा झाला त्या वर्षी आईच्या चुलीवर काय होते ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. रात्री घरात यावर बरीच बोलाचाली झाली. एकाचे म्हणणे, कशाला उगाच सांगायचे, आधीच आपल्याकडे कसे बघतात. दुसऱ्याचे म्हणणे, भुकेची लाज आपण का धरायची?

पुढच्या महिन्यात आईने स्वतःच सांगितले, चहाला बसलो असताना. एक गृहस्थ कप घेऊन दुसरीकडे जाऊन बसले. तेही लिहून ठेवतो. पण ती कॉलेजची मुले सरकून जवळ आली. आई सांगत होती, “रातच्याला गोल करून बसत्यात. शेपट्या आत, तोंडं भायेर. कुठूनबी काय आलं तरी एकीला तरी दिसतंच.” एकाने घरी जाऊन सलीम अलींचे पुस्तक काढले. रानलावे रात्री तसेच गोलात, तोंडे बाहेर करून बसतात. पुढच्या वेळी त्याने ते पान आईला दाखवले. तिला वाचता येत नाही. तिने चित्र ओळखले आणि म्हणाली, “रंग जरा उजळ काढलाय.”

आता शुक्रवारचे. रविवारचे खाडे परवडेनात, तेव्हा मुलीने तोड काढली. तिची शाळा दुपारची. शुक्रवारी सकाळी आम्ही वालधुनीच्या पुलावर उभे राहतो. अंबरनाथहून उल्हासनगरात शिरेपर्यंत ही नदी राहत नाही, कारखान्यांचे आणि गटाराचे पाणी होते, रंग रोजचा वेगळा. नाकाला रुमाल लावावा लागतो. तरी तिथे लांब गुलाबी पायांचे शेकाटे उभे असतात, वंचक, बगळे, घारी, कधी एखादा खंड्या. म्हणजे पाणी बरे आहे असे कुणी समजू नये. घाणीत किड्यांच्या अळ्या माजतात, शेकाट्यांना त्याच हव्या असतात.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते, शुक्रवार ते सोमवार. भारतात ती 2013 पासून चालू आहे. कुठेही निदान 15 मिनिटे उभे राहून दिसले ते मोजायचे आणि यादी पाठवायची. शुक्रवार असल्याने या खेपेला खाडा नव्हता. गटाने बारवीची यादी पाठवली, आम्ही वालधुनीच्या पुलाची. मुलगी लिहीत होती, आई मोजत होती. शेकाटे तिने तीनदा मोजले, कारण मधला एक सारखा जागा बदलत होता. येणारेजाणारे थांबून पाण्यात काय पडले म्हणून वाकून बघत होते. एका बाईने विचारलेच, “आजी, काय हरवलं?”

“काय न्हाय,” आई म्हणाली, “गप ऱ्हा, माझी मोजणी चुकंल.”