बाजीरावाच्या आजोळी

आमच्या घरात दोन बाजीराव होऊन गेले. दोघेही दीड इंचाचे. पहिल्याला आम्ही मारलं आणि दुसऱ्याने आम्हाला त्रिनिदाद नीट बघायला लावलं. ही गोष्ट दुसऱ्याची असली तरी सुरुवात पहिल्यापासूनच करायला हवी.

गप्पी मासे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिलेले असतील. आमच्या सांगलीच्या वाड्यातल्या विहिरीत मलेरियावाले ते सोडून जायचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून. सदा घोळक्याने असतात म्हणून त्यांना ‘गप्पी’ म्हणतात, अशी आमची कित्येक वर्षं प्रामाणिक समजूत होती! तेव्हा न्यू जर्सीतल्या दुकानात धाकटीने ‘गप्पी’कडे बोट दाखवलं, तेव्हा गाववाला भेटल्यासारखं वाटून आम्ही लगेच पैसे मोजले. लालभडक शेपटी, ताठ ऐट. नाव बाजीराव.

आठवड्याभरात शेपटीच्या मुळाशी काळसर छटा आली. आम्ही घाबरलो. एका दुकानदाराने निळं औषध दिलं. आम्ही ते घातलं, फरक दिसेना म्हणून पुन्हा घातलं. मग पाणीच खराब असेल म्हणून सगळं पाणी उपसून नळाचं ताजं पाणी भरलं, क्लोरीन न काढता. दुसऱ्या दिवशी बाजीराव तळाशी आडवा. धाकटी रडली नाही. तिने फक्त विचारलं, “तो खरंच आजारी होता का?” आम्ही म्हटलं, “असणारच.” ते उत्तर तेव्हापासून घशात अडकून राहिलं होतं.

वर्षभराने दुसरा बाजीराव आला. नारिंगी शेपटीचा, अजून पोरसवदा. दोन महिन्यांत त्याच्याही शेपटीत काळे ठिपके पसरू लागले. आमच्यातल्या एकाने कपाटातली निळी बाटली काढली, तर धाकटी टँकसमोर उभी राहिली. “हात लावायचा नाही.” घरात तह झाला: आठ दिवस थांबायचं. नेमकं त्याच आठवड्यात आम्हाला त्रिनिदादला जायचं होतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या भाचीचं लग्न होतं. बाजीरावाला टँकसकट शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि आम्ही निघालो. आपण त्याच्याच आजोळी चाललो आहोत, याचा आम्हाला पत्ताही नव्हता.

न्यूयॉर्कहून पाच तासांचं विमान. त्रिनिदाद हे बेट व्हेनेझुएलापासून जेमतेम ११ किलोमीटरवर. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून इथे उसाच्या मळ्यांसाठी करारावरचे पहिले हिंदी मजूर उतरले. आज इथे दारोदारी झेंड्या आहेत, पण बोली आणि आडनावं सांगतात की बहुतेकांचं मूळ आपल्याकडे नसून बिहार-उत्तर प्रदेशाकडे. लग्न थाटात झालं. ‘दालपुरी’ म्हणजे गूळ घालायला विसरलेली पुरणपोळीच म्हणा ना! आणि सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून खायचे ‘डबल्स’, म्हणजे दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि मध्ये छोले. आम्ही खाल्ले किती हे विचारू नका.

लग्नानंतर दोन दिवस हाताशी होते. एक वाटाड्या घेऊन आम्ही अरिमा गावावरून उत्तरेकडच्या डोंगररांगेत शिरलो. ब्लांशिसेझच्या रस्त्याने घाट चढताना कोकणात उतरत असल्याचा भास होतो, फक्त उलट दिशेने. दोन्ही बाजूंना बांबू, कोकोच्या जुन्या बागा, वरून ठिबकणारं हिरवं छप्पर. याच खोऱ्यात विल्यम बीबी या निसर्गशास्त्रज्ञाचं संशोधन केंद्र होतं आणि त्या जागेचं नाव, ऐकून दचकू नका, ‘सिमला’.

एका ओढ्यापाशी गाडी थांबली. एप्रिल म्हणजे कोरडा ऋतू, पाणी काचेसारखं. धाकटी ओणवी झाली आणि ओरडली, “बाजीराव!”

एक नाही, शेकडो. वाटाड्या हसला. म्हणाला, या माशाचं नावच आमच्या इथल्या माणसावरून पडलंय. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी हे एकोणिसाव्या शतकात त्रिनिदादला शाळा तपासनीस होते. त्यांनी इथले मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये ग्युंथर यांनी त्यांना गप्पींचं नाव दिलं. पुढे कळलं की पेटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच व्हेनेझुएलातल्या या माशाचं वर्णन करून ठेवलं होतं. त्यामुळे शास्त्रीय नाव त्यांचं टिकलं, पण लोकांच्या तोंडी राहिले ते गप्पीच. म्हणजे आमच्या गप्पांच्या व्युत्पत्तीला जलसमाधी!

धबधब्याच्या खालच्या डोहातले नर त्याने दाखवले. राखाडी, साधे, ठिपके बारीक. मग आम्ही दगडांवरून धापा टाकत वर चढलो. वरच्या डोहातले नर मात्र नारिंगी, काळे, निळे, चकचकीत, आणि एकासारखा दुसरा नाही. कारण सोपं आहे. खालच्या पाण्यात गप्पी गिळणारा मोठा शिकारी मासा असतो. तो धबधबा चढून येऊ शकत नाही. वर फक्त एक छोटा मासा, तोही बहुधा पिल्लांच्याच वाटेला जाणारा. खाली भडक दिसणं म्हणजे मरण. वर भडक दिसणं म्हणजे लग्न जमणं, कारण माद्यांना नारिंगी नर आवडतात. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अरिपो नदीतले शिकाऱ्यांच्या सहवासातले गप्पी वरच्या एका शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोनेक वर्षांतच तिथल्या नरांच्या पिढ्या जास्त रंगीत झाल्या. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं शाळेत घोकलेले आम्ही तिथे दगडावर बसून गप्प झालो.

धाकटीने मुद्द्याचं विचारलं. एकाच माशाचा रंग बदलला तर? तो आजारी असतो का?

वाटाड्या ओढ्यावर येणाऱ्या संशोधकांबरोबर अनेक वर्षं हिंडलेला. त्याने रंगांचे तीन हिशेब सांगितले. काळा रंग माशाच्या हातात असतो. भांडणात, मादीपुढे मिरवताना, घाबरल्यावर तो काही वेळात गडद किंवा फिका होतो. निळा-चंदेरी रंग हा खरं तर प्रकाशाचा खेळ, मासा वळला की बदलतो. नारिंगी रंग मात्र निम्मा खाण्यातून येतो. गाजरात असतं तसलं द्रव्य शेवाळातून मिळतं. दाट सावलीच्या ओढ्यात शेवाळ कमी, म्हणून तेही कमी.

“म्हणजे आजाराने रंग जात नाही?” आम्ही आशेने विचारलं.

“जातो तर! अंगावर बारीक परोपजीवी कृमी झाले की नारिंगी फिका पडतो, आणि माद्या अशा नराकडे पाठ फिरवतात. म्हणजे रंगावरून तब्येत त्याही ओळखतात. पण त्या नुसता रंग बघत नाहीत, तो नाचतो कसा तेही बघतात.”

हे वाक्य आम्ही गाठीला बांधलं.

संध्याकाळी कॅरोनीच्या दलदलीत नावेतून गेलो. दुपारी ज्या ओढ्यांत पाय बुडवले, त्यांचंच पाणी कॅरोनी नदीतून इथे येतं. सूर्य कलला आणि तिवराच्या बेटावर लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे उतरू लागले. हिरवं झाड बघता बघता पळसासारखं पेटलं. नावाडी म्हणाला, पिल्लं करडी-तपकिरी असतात. हा लाल रंग खेकडे-कोळंबी खाऊन चढतो. पिंजऱ्यात ठेवून साधं खाणं दिलं तर लाली उतरते. धाकटी हळूच म्हणाली, “आपण बाजीरावाला रोज एकच कोरडा चुरा घालतो.” आम्ही दलदलीकडे बघत राहिलो.

आणि हॉटेलवर पोहोचतो तोच वहिनींचा फोन. “अहो, तुमचा बाजीराव पांढराफटक पडलाय हो! सकाळी बघितलं तर शेपटीत रंगच नाही. मला तर बाई धडधडायला लागलंय. औषध घालू का?”

पोटात गोळा आला. निळी बाटली टँकशेजारीच ठेवून आलो होतो.

“वहिनी, थांबा. खातोय का?”

“खातोय की! हात दिसला तरी वर येतो.”

“शेपटी पसरलेली आहे की मिटून धरलीय?”

“पंख्यासारखी आहे.”

“कडा फाटल्यात? पांढरा कापूस, साखरेसारखे दाणे, सोनेरी धूळ असं काही अंगावर? दगडाला अंग घासतो? वर येऊन धापा टाकतो?”

“नाही हो, यातलं काहीच नाही.”

“तुम्ही बघता केव्हा?”

“सहाला, चहा टाकायला दिवा लावते तेव्हा.”

रात्रभर अंधारात मासा फिका पडतो. दिवा लागल्याबरोबर पाहिला तर फिकाच दिसणार. “उद्या तासाभराने बघा,” आम्ही म्हटलं, “आणि ती बाटली सिंकमध्ये ओता.” रात्री झोप मात्र आली नाही. चुकलो तर धाकटीला पुन्हा काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी विमानतळावर फोन आला. “आला हो रंग! सात वाजता नवरदेवासारखा!”

परत आल्यावर खाण्यात बदल केला. कधी शेवाळाच्या गोळ्या, कधी गोठवलेली बारीक कोळंबी, कधी उकडलेला पालक. शेपटीतला काळा रंग पसरून एक सुंदर नक्षी झाली. वाढत्या वयाचे नर पाच-सहा महिन्यांपर्यंत रंग भरत असतात, एवढंच ते होतं.

खरा आजार पुढच्या हिवाळ्यात आला. हिमवादळात वीज गेली, फिल्टर नि हीटर दोन्ही बंद. दोन दिवसांनी बाजीराव पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता, पर मिटलेले, खाणं बंद, शेपटीच्या कडा झिजलेल्या. रंग? तसाच नारिंगी! पूर्वीचे आम्ही “रंग छान आहे” म्हणून निवांत बसलो असतो. या वेळी आधी पाणी तपासलं तर अमोनिया वाढलेला. रोज पाव टँक पाणी बदललं, क्लोरीन काढून आणि तेवढंच कोमट करून. आठवड्याने तो खायला लागला. झिजलेल्या शेपटीला काचेसारखी पारदर्शक किनार फुटली. वहिनी म्हणाल्या, “आता तर कडेचा रंगही गेला!” पण ती किनार गुळगुळीत होती, फाटकी नव्हती. नवी शेपटी आधी बिनरंगाची येते, रंग मागून भरतो.

बाजीराव त्यानंतर आणखी वर्षभर जगला. शेवटी रंग फिका होत गेला तो वयाने. त्याला आम्ही काहीच केलं नाही.

अंगणात गुलाबाखाली त्याला पुरताना आम्ही धाकटीला म्हटलं, “तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं होतं. तो बहुतेक आजारी नव्हता. तो रंगात येत होता. आम्ही घाबरलो आणि घाई केली.”

ती म्हणाली, “मला माहीत होतं.” आणि माती सारखी करू लागली.