फुकट दिलेला खेळ

१९९० नंतरच्या दशकांत आमच्या घरीं टी. व्ही.ला जोडावयाचा व्हिडिओ गेम आला. कॅसेट अडली कीं तींत फुंकर मारावी, एवढें शास्त्र घरांतील सर्व मुलांस अवगत होतें. आतां केस पिकूं लागले, तरी रात्रीं जेवणें आटोपल्यावर यूट्यूबवर त्या जुन्या खेळांच्या चित्रफिती पाहण्याचा आमचा छंद सुटलेला नाहीं. मंडळी हंसतात, हंसोत बापडीं.

अशाच एका चित्रफितींत मिल्टन गुआस्ती या अर्जेंटिनांतील गृहस्थांची हकीकत ऐकली. परग्रहावरील भुयारें धुंडाळणाऱ्या वीरांगनेचा 'मेट्रॉइड २' हा निन्टेन्डोचा १९९१ सालचा खेळ. गेमबॉयच्या चिमुकल्या, बेरंगी पडद्यावरील तो खेळ त्यांनीं वर्षानुवर्षें खपून नव्या रंगरूपानें उभा केला व ऑगस्ट २०१६ मध्यें सर्वांस फुकट दिला. थोड्याच दिवसांत कंपनीच्या तक्रारीवरून तो हटविला गेला. पुढल्याच वर्षीं कंपनीनें स्वतःची नवी आवृत्ति विक्रीस काढली. सेगानें मात्र ख्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन चाहत्यास हाताशीं धरून त्याच वर्षीं 'सॉनिक मेनिया' काढला. आम्हांस ही रीत अधिक शहाणपणाची वाटते.

मालकाचा हक्क आम्हीही मानतों. हें सारें आम्ही तावातावानें सांगत असतां धाकट्या पुतण्यानें विचारलें, "काका, तुमच्या कॅसेटी तरी खऱ्या होत्या का?"

आम्ही निरुत्तर झालों. रविवारीं माळ्यावरून एक काढून पाहिली. तीवर '९,९९,९९९ खेळ' असें छापलें आहे. आंत खेळ सातच, आणि कंपनीचें नांव कोठेंही नाहीं.