हिरवळीची नोटीस

त्या पत्राला दहा वर्षं उलटून गेली, तरी आठवलं की डोकं फिरतं. 2014 च्या जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या कमिटीने ते पाठवलं होतं. आपल्या घरापुढील हिरवळ वाळली असून ती वसाहतीच्या शोभेस बाधक आहे, चौदा दिवसांत ती पूर्ववत हिरवी करावी, अन्यथा दंड आकारण्यात येईल. पूर्ववत हिरवी करावी! जशी काही मी मुद्दाम नळ बंद करून बसले होते. म्हणजे बसले होतेच, पण ते शहराने सांगितलं म्हणून.

आम्ही सांताक्रूझला राहतो. मुंबईच्या नाही, कॅलिफोर्नियातल्या. माझं माहेर गुहागरकडचं, नवऱ्याची नोकरी डोंगरापलीकडे सॅन होजेला, बाकी सगळं चारचौघांसारखं. पण इथल्या ऋतूंबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर माझा राग कळायचा नाही. आपल्याकडे पाऊस पडतो तेव्हा इथे थेंब नसतो. उन्हाळ्यात पॅसिफिक महासागरावर जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून ठाण मांडतो आणि येणारी वादळं वरच्या वर वळवतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकला की पावसाला वाट मिळते. त्यामुळे सगळा पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारीत डोंगर हिरवेगार, जूनमध्ये पिवळेधमक. जगात अशी हवा भूमध्य समुद्राच्या काठी, कॅलिफोर्नियात, चिलीच्या मध्यभागात, केप टाउनच्या बाजूला आणि ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य व दक्षिण किनाऱ्यावर, अशी पाचच ठिकाणी आहे. सासूबाई त्या वर्षी पहिल्यांदाच आल्या होत्या. रोज सकाळी खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या, "अगं, मृग लागून महिना झाला. हे आभाळ भरून येतं आणि पडत कसं नाही?" त्याला पडायचंच नसतं. ते समुद्रावरचं धुकं. किनाऱ्यालगत खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून दमट हवा आली की धुकं धरतं, दुपारी विरतं, संध्याकाळी परत हजर. सॅन होजेला पस्तीस अंश असताना आम्ही स्वेटर घालून बसलेले.

तर 2014. आधीचं 2013 हे कॅलिफोर्नियाच्या नोंदींमधलं सर्वांत कोरडं वर्ष. 17 जानेवारीला गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली. आमच्या शहराला बाहेरून पाणी येत नाही. सॅन लोरेंझो नदी, आसपासचे ओढे आणि लॉक लोमंड हे धरण, बहुतेक सगळं एवढ्यावरच. 1 मेपासून रेशन सुरू झालं. चार माणसांच्या घराला महिन्याला दहा युनिट, म्हणजे साधारण अठ्ठावीस हजार लिटर. वर गेलात की दंड. तो माफ हवा असेल तर पाण्याच्या शाळेत जाऊन बसायचं. शेजारचे गृहस्थ जाऊन आले. सत्तरीच्या माणसाला टपकणारी टाकी कशी ओळखायची ते शिकवलं म्हणे.

सासूबाई धरून आम्ही चार. मी कागद घेऊन हिशोब मांडला. पुढची हिरवळ साठेक चौरस मीटर. उन्हाळ्यात गवताला रोज चौरस मीटरमागे चारेक लिटर तरी लागतं. म्हणजे महिन्याला सात हजार लिटर, माणसांच्या पाण्यातला चौथा हिस्सा, कशाला? जे कोणी खात नाही, ज्यावर कोणी बसत नाही, त्या गवताला. मी नळ बंद केला. आंघोळीचं पाणी गरम होईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं ते बादलीत धरून टोमॅटोंना आणि कढीपत्त्याच्या कुंडीला घालू लागले.

आणि वर ही नोटीस. शहर म्हणतं पाणी वापराल तर दंड, सोसायटी म्हणते नाही वापरलंत तर दंड. मी हिशोबाचा कागद घेऊन मीटिंगला गेले. अध्यक्षबाईंनी तो वाचलासुद्धा नाही. म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखे आहेत." मी म्हटलं, शहराचे नियम तुम्हालाही आहेत ना? तर म्हणाल्या, तो तुमचा आणि शहराचा प्रश्न. एका सभासदाने सुचवलं, माती बदला. दुसऱ्याने सांगितलं, रात्री उशिरा पाणी सोडा, कोणाला कळत नाही. तिसऱ्याने जे सुचवलं ते ऐकून मला वाटलं थट्टा करतोय. हिरवा रंग फवारून घ्या! थट्टा नव्हती. त्या वर्षी कॅलिफोर्नियात वाळकं गवत रंगवून देण्याचा धंदा जोरात होता. आमच्या गल्लीत एकाने खरंच रंगवून घेतलं. सासूबाईंनी वाकून पात्याला बोट लावून पाहिलं आणि नंतर दिवसभर काही बोलल्या नाहीत. कमिटी मात्र त्या घरावर खूश. मेलेलं गवत चालेल, पण ते मेलंय हे दिसता कामा नये, असा तो नियम.

हिरवळीचं हे खूळ इंग्लंडकडून आलेलं. तिथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो, गवत आपलं आपण हिरवं राहतं. ते उचलून सहा महिने कोरड्या राहणाऱ्या किनाऱ्यावर आणायचं, धरणातलं पाणी पाजून जगवायचं आणि त्याला सभ्यता म्हणायचं. आपल्याकडेही नव्या टाउनशिपमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात टँकर मागवून लॉन भिजवतात, तेव्हा फार हसायला नको.

दंड मला भरावा लागला नाही. त्याच जुलैमध्ये राज्यात कायदा झाला की दुष्काळाची आणीबाणी असताना पाणी न घातल्याबद्दल सोसायटीला सभासदाकडून दंड घेता येणार नाही. कमिटीने विषय बंद केला. माफी कोणी मागितली नाही, आणि त्या अध्यक्षबाई आजही मला रस्त्यात भेटल्या की हवेबद्दल बोलतात.

पुढच्या हिवाळ्याआधी आम्ही ते गवत पुठ्ठ्यांखाली दाबलं, वर लाकडाच्या ढलप्या पसरल्या आणि पहिल्या पावसानंतर इथलीच झाडं लावली. सियानोथस, मँझनिटा, केशरी पॉपी. एकदा मुळं धरली की ती उन्हाळा पाण्यावाचून काढतात. टोमॅटोही आता इथल्या शेतकऱ्यांसारखे कोरडवाहू करते. 'अर्ली गर्ल' जातीची रोपं हिवाळ्याची ओल असताना खोल लावायची आणि एकदा रुजली की पाणी बंद. फळ लहान येतं, पण चव अशी की सार करताना साखर लागत नाही. हे जमतं ते धुक्यामुळे आणि ओल धरणाऱ्या मातीमुळे. ज्या धुक्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, ते 2022 च्या सप्टेंबरमधल्या उष्णतेच्या लाटेत गायब झालं तेव्हा मीच खिडकीशी उभी राहून वाट बघत होते.

आणखी एक सांगून टाकते. ऑगस्ट 2020 मध्ये कोरड्या विजा पडून आमच्यामागचे डोंगर पेटले. बिग बेसिनचं रेडवुडचं जंगल होरपळलं, आमच्या टोमॅटोंवर राख पडत होती. तेव्हा एका रिकाम्या घरापुढे कमरेइतकं वाळकं गवत माजलं होतं. मी कमिटीला पत्र लिहिलं की ते ताबडतोब कापायला लावा, नाहीतर दंड करा. माझी भाषा त्यांच्या नोटिशीहून मऊ नव्हती. नवरा हसला. हसू दे. आजही तेच पत्र लिहीन. मग जानेवारी 2023 मध्ये एकापाठोपाठ एक वादळं आली, शेजारच्या कपिटोलाचा धक्का मधोमध तुटला आणि आमच्या ढलप्या वाहत थेट अध्यक्षबाईंच्या दारात गेल्या. पाऊस पडत नाही म्हणून रडणारी मी, तो थांबावा म्हणून देवाला विनवत होते.

या किनाऱ्यावर मुलांकडे येणाऱ्या आईबाबांना एक विनंती. येताना मेथी-धण्याची पुडी आणण्यापेक्षा बी इथेच घ्या, विमानतळावर अडवतात. आणि जूनमध्ये पेरू नका. दिवस मोठे असल्याने कोथिंबीर चार पानांवरच फुलोऱ्याला येते आणि पाणीही सगळं नळाचं लागतं. मृग विसरा. मेथी, कोथिंबीर, मटार, लसूण हे सगळं दसऱ्याच्या सुमारास पेरा. त्यानंतर बहुतेक वर्षी पाणी आभाळच घालतं.