पंचवीस रुपयांची राखी आणि आईचा तास



आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पालक सभेत किंवा माता पालक गटात कुणी ना कुणी विचारला असेल. "मॅडम, आम्ही घरी राख्या करतो, पणत्या रंगवतो, आकाशकंदील बनवतो. ऑनलाइन विकलं तर परवडेल का?" विचारणारीच्या हातात मोबाईल असतो, यूपीआय असतं, व्हॉट्सअॅपचं स्टेटस ठेवता येतं. कुणीतरी सांगितलेलं असतं की घरबसल्या पैसे मिळतात. आपण शिक्षक म्हणून काय उत्तर देतो? बहुतेक वेळा "हो हो, करून बघा ना ताई" म्हणून मोकळे होतो.

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर वहीत मांडून द्यायला हवं. आणि ते मांडायला आपला गणिताचा तास फार उपयोगी आहे. शिष्यवृत्तीच्या तयारीत नफा-तोटा येतोच. आमच्या शाळेत मी तो पुस्तकातल्या आंब्याच्या पेटीवरून न शिकवता मुलांच्या घरातल्या राखीवरून शिकवला. तेच इथे सविस्तर सांगते.

आधी साधा हिशोब

वर्गातल्या तीन मुलांच्या आया राख्या करतात. एका राखीला दोरा, मणी, गोंडा, गोंद, पुठ्ठा मिळून ६ रुपयांचं साहित्य लागतं. बाजारात ती २५ रुपयांना जाते. ऑनलाइन मात्र एक राखी कुणी मागवत नाही, कारण २५ रुपयांच्या राखीला ६० रुपये कुरियर कोण देईल? म्हणून पाच राख्यांचा संच १५० रुपयांना, घरपोच, असा भाव ठरलेला होता.

मुलांना विचारलं, नफा किती? सगळ्यांचे हात वर. "मॅडम, १५० वजा ३०, म्हणजे १२० रुपये!" फळ्यावर १२० लिहिलं. वर्ग खूश.

मग म्हटलं, आपण नियम काय शिकलो? हमाली, वाहतूक, दुरुस्ती असा खर्च मूळ खरेदी किमतीत मिळवायचा, मगच नफा काढायचा. तर राखी घरातून गिऱ्हाइकाच्या दारात कशी जाते ते सांगा. मुलांनी एकेक सांगितलं. पाकीट, आतला पुठ्ठा, चिकटपट्टी, कुंकू-अक्षतांची पुडी मिळून ८ रुपये. कुरियर ६० रुपये. म्हणजे ३० + ८ + ६० = ९८. उरले ५२.

१२० चे ५२ झाले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. आपल्याकडे म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुलांना ती त्या दिवशी समजावून सांगावी लागली नाही.

स्वस्त वस्तूची अडचण नेमकी हीच असते. वस्तूची किंमत कमी झाली म्हणून पाकिटाची, कुरियरची, पत्ता लिहिण्याची किंमत कमी होत नाही. ५०० रुपयांची साडी पाठवा की २५ रुपयांची राखी, फोटो एकदाच काढावा लागतो, "ताई, दुसरा रंग आहे का?" याला उत्तर तितकंच द्यावं लागतं, आणि कुरियरच्या दुकानापर्यंतची फेरीही तेवढीच लांब असते.

हिशोबात नसलेली गोष्ट

पुढच्या तासाला मी मुलांना घरचा अभ्यास दिला. घड्याळ लावून आईला एक राखी करायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. दुसरे दिवशी कुणी दहा सांगितली, कुणी पंधरा. आपण बारा धरली. पाच राख्यांना ६० मिनिटं. फोटो, मेसेज, पाकीट भरणं, पत्ता, कुरियरची फेरी, सगळं वाटून एका पाकिटामागे साधारण २० मिनिटं. एकूण ८० मिनिटं.

८० मिनिटांत ५२ रुपये, तर ६० मिनिटांत किती? एकिक पद्धतीचं उदाहरण. उत्तर आलं ३९ रुपये.

तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "पण मॅडम, आई तर घरीच असते. तिच्या वेळाचे पैसे कशाला धरायचे?"

वाचकहो, हा लेख मी लिहायला घेतला तो या वाक्यामुळे. हे वाक्य त्या मुलाचं नाही. ते आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. रोजगारावर गेलेल्या बाईचा वेळ मोजतात, कारण तिला मजुरी द्यावी लागते. घरात बसून केलेलं काम मात्र "बसल्या बसल्या" केलेलं समजतात. ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातीही नेमक्या याच समजुतीवर चालतात. "घरबसल्या कमवा" म्हणताना त्या घरबसल्या तासांचा भाव शून्य धरलेला असतो.

मी मुलांना म्हटलं, आपल्या गावात खुरपणीला बायकांना रोज किती? "तीनशे!" किती तासांचे? "सहा." म्हणजे तासाला ५० रुपये. मग राखीचे ३९ रुपये जास्त की कमी, हे तुम्हीच सांगा. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही.

बाजार, ऑनलाइन आणि एकगठ्ठा

तुलना पूर्ण व्हावी म्हणून आम्ही आठवडी बाजाराचाही हिशोब केला. चाळीस राख्या विकल्या तर प्रत्येकी १९ रुपये सुटतात, म्हणजे ७६०. बाजाराची पावती २० आणि एसटी ४० रुपये (मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्याचा इथे उपयोग होतो). राहिले ७००. राख्या करायला ८ तास, बाजारात ४ तास, जाण्यायेण्यात १ तास. १३ तासांत ७००, म्हणजे तासाला जवळपास ५४ रुपये.

तिसरा प्रकार एकगठ्ठा मागणीचा. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सोसायटीने किंवा ऑफिसने एकाच पत्त्यावर २० राख्या मागवल्या आणि कुरियर त्यांनी दिलं, तर ५०० मधून साहित्याचे १२० आणि पॅकिंगचे २० वजा जाता ३६० उरतात. वेळ साडेचार तास. तासाला ८० रुपये!

राखी तीच, हातही तेच, आणि तासाचा भाव ३९, ५४ किंवा ८०. फरक पडला तो एका पाकिटात किती वस्तू गेल्या आणि कुरियर कुणी भरलं यामुळे. म्हणून "ऑनलाइन परवडतं का?" याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही. सुटी सुटी स्वस्त वस्तू पाठवणं सहसा परवडत नाही. तीच वस्तू गठ्ठ्याने, आगाऊ मागणी घेऊन पाठवली तर परवडू शकते.

कंदिलाचं वजन

आकाशकंदील करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मोठ्या वस्तूंना कुरियरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये मोजून बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागतात. येणारं उत्तर आणि खरं वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. कंदील २०० ग्रॅमचा, पण खोकं ३० × ३० × ३०. म्हणजे २७००० भागिले ५०००, ५.४ किलो! तोच कंदील घडीचा केला आणि ३० × ३० × ४ च्या खोक्यात बसवला तर ०.७२ किलो. मोठ्या वर्गांना घनफळ शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. पणत्यांचं मात्र अवघड आहे. जड असतात आणि फुटतात. त्या गावातच विकलेल्या बऱ्या.

मोठ्या संकेतस्थळांवर काय?

तिथे गिऱ्हाईक भरपूर असतं. कमी किमतीच्या वस्तूंसाठी सवलतीही आल्या आहेत. अॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या बऱ्याच प्रकारच्या वस्तूंवरचं रेफरल शुल्क काढून टाकलं. पण कमिशन शून्य झालं म्हणजे खर्च शून्य झाला असं नाही. पाठवणी राहते, परत आलेला माल राहतो. पैसे घरपोच देण्याच्या पद्धतीत गिऱ्हाइकाने दारातच नको म्हटलं, की पाकीट परत येतं. आणि रक्षाबंधनानंतर परत आलेल्या राखीचं काय करायचं?

कायद्याचंही थोडं माहीत हवं. अशा संकेतस्थळांवरून माल विकायला पूर्वी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतच विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर त्यातून सूट आहे. बचत गटातल्या ताईंसाठी 'उमेद' अभियानाचं उमेदमार्टही आहे. गटाने मिळून विकलं तर फोटो, पाकिटं आणि कुरियरची फेरी वाटून घेता येते.

पैशांपलीकडचं

हा सगळा हिशोब मी माता पालक गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडला. एक ताई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुमचं गणित बरोबर आहे. पण बाजारात राख्या घेऊन मालक जातात. पैसे त्यांच्या खिशात येतात. ऑनलाइनचे बावन्न रुपये माझ्या खात्यावर येतात."

यावर माझ्याकडे फळ्यावर मांडता येईल असं काही नव्हतं. ३९ रुपये कमी आहेत हे त्यांना पुरतं कळलं होतं. तरी ते स्वतःचे आहेत, ही गोष्ट त्यांना जास्त मोलाची वाटत होती. हा निर्णय त्यांचा आहे. आपलं काम एवढंच की तो आकडे समोर ठेवून घेतला जावा. त्यांनी पुढे संच पाचाऐवजी दहाचा केला आणि कुरियर वेगळं लावलं. मागण्या कमी आल्या, पण हातात उरणारे पैसे वाढले.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. राखीच्या आधीच्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी पहिल्या तासालाच पेंगत असायची. विचारल्यावर कळलं, रात्री अकरापर्यंत पाकिटांवर पत्ते लिहीत होती, कारण घरात तिचं अक्षर सगळ्यात चांगलं. मुलांनी घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करण्याला कायद्याची हरकत नाही, २०१६ च्या दुरुस्तीत तशी तरतूद आहे. पण मुलीची झोप गेली तर दुसऱ्या दिवशीची शाळाही गेली, मग ती वर्गात बसलेली असली तरी. तिच्या आईशी बोलले. छापील पत्त्याच्या चिठ्ठ्या काढायचं ठरलं, एका पानावर बारा पत्ते. फार खर्च आला नाही.

पालकहो, तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर आधी दहा पाकिटांपुरतं करून बघा. वहीत पाच रकाने पाडा: विक्री, साहित्य, पॅकिंग, पाठवणी, वेळ. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. आणि शिक्षक मित्रांनो, आपल्याला सेवा नियमांमुळे स्वतः धंदा करता येत नाही, पण हा हिशोब शिकवता नक्की येतो. नफा-तोट्याचं पुढचं उदाहरण घालताना खर्चात "आईचा वेळ : ८० मिनिटे" एवढी एक ओळ वाढवा. मुलं काय विचारतात ते ऐका, आणि उत्तर त्यांनाच काढू द्या.