फरशीवरचं अर्धवर्तुळ

पुण्यातल्या जुन्या बंगल्याच्या मोटारखान्यात शिरलं की आधी फरशीकडे पाहावं. शहाबादीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर, कधीकधी एक पांढुरकं अर्धवर्तुळ ओरखडलेलं दिसतं. घरातल्या कुणीतरी वर्षानुवर्षं मोटारसायकल स्टँडवर तोलून, मागचा दांडा धरून, रोज संध्याकाळी तिचं तोंड रस्त्याकडे वळवल्याची ती खूण. गाडी कधीच गेली तरी खूण तशीच राहते.

येझदी अशीच कित्येक घरांतून गेली. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून 1961 पासून आधी जावा आणि मग येझदी बाहेर पडत राहिल्या. 1996 मध्ये कारखाना बंद झाला. त्यानंतर उरल्या त्या घराघरांतल्या गाड्या. त्यांना घालवलं ते बिघडलेल्या इंजिनापेक्षा आक्रसलेल्या जागेने. मोटारी रुंद होत गेल्या, मोटारखाना तेवढाच राहिला. दोन मीटर लांबीची गाडी वळवायची तर पुढेमागे चार वेळा ढकलावी लागते. तितकी मोकळी फरशी उरली नाही की गाडी आधी अंगणात जाते, मग पावसात आणि शेवटी भंगारात.

ही शेवटची वाट अडवणारी वस्तू अगदी साधी आहे: चाकांचा लोखंडी पाट. परदेशातल्या गॅरेजांत तो तयार मिळतो. आपल्याकडे पेठेतला वेल्डिंगवाला चॅनेल कापून करून देतो आणि चाकं बोहरी आळीत मिळतात. सात फूट लांब, फूटभर रुंद, मधे स्टँडचे दोन्ही पाय टेकतील इतका पसरट. चाकं मात्र पाटाच्या पोटाखाली लावायची नाहीत. दोन्ही बाजूंना हात काढून त्यांच्या टोकांना लावायची. मग पाट जमिनीपासून बोटभरच वर राहतो आणि तोल लांब पसरतो. पाट उंच झाला, तर गाडी चढवताना दमछाक होते आणि ढकलताना ती कलंडण्याची भीती राहते.

चाकांचा हिशेब नीट समजून घ्यावा. येझदीचं वजन साधारण 140 किलो. पाटाचे तीसेक किलो धरले तर 170 होतात. चार चाकांत भागाकार करून मोकळं होणं चुकीचं, कारण जुनी फरशी कधी सपाट नसते. एखादं चाक सांध्यावर अधांतरी राहतं आणि सगळा भार तिघांवर येतो. म्हणून प्रत्येक चाक निदान 60 किलोचं घ्यावं, 75 चं घेतलं तर उत्तम. चाक फार लहान असेल तर सुपारीएवढा खडाही त्याला अडवतो. म्हणून ढकलण्याआधी केरसुणी फिरवायलाच हवी.

चढवण्याचीही रीत आहे. पाटाच्या चाकांचे ब्रेक आधी पायाने दाबायचे. गाडी सरळ रेषेत वर घ्यायची, स्टँडचा पाय टाचेने दाबून धरायचा आणि मागचा दांडा वर ओढायचा. टक् असा आवाज आला की स्टँड बसला. मग ब्रेक सोडले की एकट्या माणसाच्या तळहातानेही ती आडवी सरकते, जागच्या जागी वळते आणि भिंतीला हँडलपुरती फट ठेवून चिकटते. सत्तरीतल्या माणसालाही ती आपल्या हाताने हलवता येते, आणि या पाटाचं खरं मोल तिथेच आहे. हलवता येणारी गाडी पुसली जाते, तिच्या मागची जमीन झाडली जाते, चेनला तेल मिळतं. कोपऱ्यात रुतलेल्या गाडीकडे हळूहळू कुणी बघेनासं होतं.

जूनमध्ये तिला झोपवताना कार्ब्युरेटरातलं पेट्रोल काढून टाकतात, बॅटरीची वायर सोडवतात. उंदीर शिरू नयेत म्हणून दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडात फडक्याचे बोळे कोंबतात. बाहेर पागोळ्या गळत असतात, आत ऑइलचा जुना, ओळखीचा वास.

पण ही झोप अखंड नसते. जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदी दिवस, तोही नेमका भर पावसात. त्या सकाळी बोळे निघतात, ब्रेक सुटतात, पाट भिंतीपासून अलगद दूर होतो आणि गाडीचं तोंड दाराकडे वळतं. फरशीवर ओरखडा उमटत नाही. गाडी खाली उतरते. गिअरचाच दांडा आत दाबून मागे वळवला की त्याची किक होते. पहिली किक कोरडी जाते, दुसरीही. तिसरीला निळसर धूर मोटारखानाभर पसरतो, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी पायांत चपला सरकवत बाहेर येतं.